चेनसॉचा सायलेन्सर मोकळा करून देण्याचा धंदा करू का? माझं उत्तर: नको



मागच्या रविवारच्या व्हिडिओत गावात कमी भांडवलात सुरू करता येतील अशी रिपेअरिंगची कामं सांगितली होती. त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातून एका मुलाचा फोन आला. आयटीआय केलेला, दोन वर्षं पुण्यात गॅरेजला काढलेली, आता आईवडिलांजवळ घरीच राहायचं ठरवलंय. पडवीत टेबल टाकून ग्रास कटर आणि फवारणी पंप दुरुस्त करतो. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. "सर, आमच्याकडे चेनसॉवाले भरपूर आहेत. सगळ्यांना सायलेन्सर मोकळा करून हवाय. माझ्याकडे ड्रिल आहे, वेल्डिंग येतं. अर्ध्या तासाचं काम आहे, हजार रुपये सहज देतात. बोर्ड लावू का?"

मी 'नको' म्हटलं. त्याला ते फारसं पटलं नाही, हे आवाजावरून कळत होतं. फोनवर कारणं नीट सांगता आली नाहीत, म्हणून आज लिहून सांगतोय. व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत बसणारा नाही.

आधी एक कबुली देतो. सायलेन्सर मोकळा केल्याने मशीनची ताकद वाढते, हे खोटं नाही. यूट्यूबवर अमेरिकेतले हौशी लोक आपल्या घरच्या गॅरेजमध्ये हे करून दाखवतात, तेव्हा ते फसवत नसतात. त्यामुळे 'असं काही होतच नाही' असं सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून करणं ही एक गोष्ट, आणि गिऱ्हाईकाच्या मशीनवर पैसे घेऊन करणं ही दुसरी. आपण धंद्याबद्दल बोलतोय.

ही मागणी आली कुठून?

कोकणात पूर्वी चेनसॉ वखारवाल्याकडे किंवा मोठ्या कंत्राटदाराकडे असायचा. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. रस्त्यावर झाड, घरावर झाड, विजेच्या तारेवर झाड. तेव्हा ज्याच्याकडे कटर होता त्याला लोक हातापाया पडून बोलावत होते. हे बघून कित्येक पोरांनी मशीन घेतली. कोणी चांगल्या कंपनीची, कोणी बाजारात मिळाली ती स्वस्तातली.

आता वादळ रोज येत नाही. मशीनवाले वाढले, काम तेवढंच राहिलं. झाडामागे किंवा दिवसामागे पैसे ठरतात, म्हणजे जो लवकर कापेल तो जास्त कमावेल. मग चालू झाली चढाओढ: माझा कटर तुझ्यापेक्षा जोरात. आणि जोर म्हणजे आवाज, असं आपल्याकडे एक समीकरण आहेच. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर आठवा. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी ते काढून घेऊन रोडरोलरखाली चिरडले, तरी हौस गेली नाही. चेनसॉला मोटार वाहन कायदा लागत नाही, म्हणून इथे कोणी पकडत नाही, एवढाच फरक. (गंमत बघा, परवानगी न घेता झाड तोडायचं असेल त्याने खरं तर आवाज कमी करून मागायला हवा!)

आत काय होतं ते समजून घ्या

चेनसॉचं इंजिन टू स्ट्रोक. पिस्टन खाली आला की जळलेला धूर बाहेर जातो आणि त्याच वेळी नवीन पेट्रोल-हवा आत येते. दोन्ही दारं एकदम उघडी. त्यामुळे साध्या टू स्ट्रोकमध्ये बरंचसं ताजं पेट्रोल न जळताच धुरासोबत बाहेर पडतं. अमेरिकेत १९९७ पासून अशा छोट्या इंजिनांच्या धुरावर नियम आले आणि पुढे कडक होत गेले. कंपन्यांनी मग इंजिनाची रचना बदलली, कार्बोरेटरच्या स्क्रूवर मर्यादेच्या टोप्या बसवल्या, आणि सायलेन्सरची तोंडंही अरुंद केली. काही मॉडेलच्या सायलेन्सरमध्ये तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो.

आता तुम्ही अशा अरुंद सायलेन्सरला दुसरं भोक पाडलं किंवा आतला पडदा काढून टाकला की धूर पटकन बाहेर जातो. इंजिनाला श्वास मोकळा होतो. वरच्या फेऱ्यांना जोर वाढल्याचं हाताला जाणवतं. मात्र ज्या मशीनचा सायलेन्सर मुळातच मोकळा आहे, त्यात कितीही भोकं पाडा, आवाजापलीकडे काही वाढत नाही. बाजारातल्या अनेक स्वस्त मशीन या दुसऱ्या प्रकारातल्या असतात. म्हणजे गिऱ्हाईक हजार रुपये देऊन फक्त गोंगाट विकत घेतो. आणि गोंगाट वाढल्यामुळे त्याला वाटतं, जोर वाढला.

खरी अडचण इथून पुढे आहे. धूर जास्त सुटला म्हणजे हवा जास्त आत येणार. पण कार्बोरेटर तर तेवढंच पेट्रोल सोडतोय. मिश्रण कोरडं पडतं. चारचाकीत मिश्रण कोरडं पडलं तर गाडी धक्के देते, गरम होते, तुम्हाला कळतं. टू स्ट्रोकमध्ये गोष्ट वेगळी आहे. इथे ऑइल पेट्रोलमधूनच जातं. एका लिटरला वीस मिलि, म्हणजे एकास पन्नास. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, आणि पेट्रोलमुळे आतून मिळणारा गारवाही कमी होतो. तिन्ही एकदम. अशा वेळी मशीन सुरुवातीला जास्तच छान पळते! फेऱ्या वाढतात, आवाज बारीक आणि तीक्ष्ण होतो, गिऱ्हाईक खूश. आणि एखाद्या जाड बुंध्यात पट्टी पूर्ण बुडालेली असताना पिस्टन जाम होतो.

म्हणून सायलेन्सर मोकळा केला की कार्बोरेटरचा एच स्क्रू पुन्हा लावावाच लागतो. लाकूड नसताना पूर्ण रेस दिली तर आवाज किंचित फाटका, बुडबुडल्यासारखा यायला हवा, आणि लाकडात घातली की तो साफ व्हायला हवा. जाणकार मेस्त्री टॅकोमीटर लावून कंपनीने दिलेल्या फेऱ्यांशी ताळा करतात. पण काही छोट्या मशीनला एच स्क्रूच नसतो, आतला जेट पक्का बसवलेला असतो. काहींना टोपी असते, ती ठरावीक मर्यादेपलीकडे फिरूच देत नाही. नव्या महागड्या मशीन स्वतःच मिश्रण ठरवतात, तिथे वेगळंच शास्त्र आहे. अर्ध्या तासाचं काम म्हणताय ना, त्यातलं ड्रिलचं काम दहा मिनिटांचं. उरलेलं काम शिकायला मला दोन हंगाम लागले, आणि एक मशीन घालवावी लागली.

माझी घालवलेली मशीन

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी माझं छोटं वर्कशॉप होतं. पाण्याचे पंप, पॉवर टिलर, ग्रास कटर, असलं सगळं. चेनसॉ हळूहळू यायला लागले. मी आधी स्वतःच्या जुन्या मशीनचा सायलेन्सर मोकळा केला. स्क्रू मोकळेपणाने फिरणारी मशीन होती, छान लागली. मी चार जणांना दाखवली. इथेच चूक झाली, कारण दाखवली की मागणी येतेच.

एक कंत्राटदार दादा आले. त्यांची मशीन जेमतेम सहा महिन्यांची. म्हणाले, "तुमच्यासारखी करून द्या." मी ८०० रुपये सांगितले, त्यांनी लगेच काढून दिले. सायलेन्सर झाला, स्क्रू फिरवायला गेलो तर टोपी अडली. आणखी पाव फेरी हवी होती. टोपी काढायला गेलो असतो तर मोडेल अशी भीती. संध्याकाळ झाली होती, दादा बाहेर उभे. रेस दिली, मशीन किंचाळली, दादा हसले. मीही मनाला म्हटलं, चालतंय की.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन. आंब्याचं जुनं खोड, मधोमध पट्टी अडकलेली, मशीन बंद, दोरी ओढवत नाही. खोलून पाहिलं तर पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, प्लग पांढराफटक. ही कोरड्या मिश्रणाची सही असते. सिलेंडर-पिस्टनचं किट, गॅस्केट, प्लग मिळून ४,२०० रुपये मी माझ्या खिशातून घातले. किट यायला पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत दादांचं अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्याने पूर्ण केलं. त्याची भरपाई मी देऊ शकलो नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. पण ते पुन्हा कधी माझ्याकडे आले नाहीत. त्यांच्या वाडीतून येणारे पंपसुद्धा बंद झाले. ८०० रुपयांच्या कामात मी एक अख्खी वाडी गमावली.

त्या वेळी ते तक्रार घेऊन गेले असते तर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी म्हणून दाद मागता येते. मशीन धंद्यासाठी वापरतो म्हणजे तो ग्राहक नाही, असा काहींचा समज असतो. स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी वापरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. तुमचा कटरवाला नेमका त्यातच बसतो. शिवाय मशीन वॉरंटीत असेल तर सायलेन्सरला पडलेलं भोक बघून कंपनी हात वर करणार. मग गिऱ्हाईक कोणाकडे बघणार? ज्याने भोक पाडलं त्याच्याकडे. दुरुस्ती केली तर मशीन कंपनीची राहते. बदल केला की ती तुमची होते, पुढे बिघडेल तेव्हाही.

जाळी काढून टाकली, मग?

सायलेन्सरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. बरेच जण सायलेन्सर मोकळा करताना ती काढून फेकून देतात, 'अडथळा आहे' म्हणून. ती जाळी धुरातले कार्बनचे जळते कण अडवायला असते. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत ही जाळी नसलेली मशीन वापरायला बंदी आहे, कारण तिथे यातून वणवे लागतात.

आणि आपल्याकडे? फेब्रुवारी ते मे कोकणात डोंगर कसे दिसतात ते वेगळं सांगायला नको. गुडघाभर वाळलेलं गवत, खाली पाचोळा. दरवर्षी आंबा-काजूच्या बागा वणव्यात जातात. झाडतोडीचा हंगामही नेमका हाच. काजूचं कलम हाती लागायला चार-पाच वर्षं जातात आणि जळायला दहा मिनिटं पुरतात. तुम्ही मोकळा केलेला सायलेन्सर, जाळी नाही, भोक चुकून खालच्या बाजूला पाडलेलं, आणि गरम मशीन गवतावर टेकवून माणूस पाणी प्यायला गेला. एवढंच पुरतं. ज्याची बाग जळेल तो कोणत्या कंपनीची मशीन होती हे विचारणार नाही. कोणी करून दिली, हे विचारेल. मला ही भीती पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितोय.

आवाजाचंही सांगतो. कारखान्यातून आलेली, सायलेन्सर शाबूत असलेली चेनसॉसुद्धा चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण १०० डेसिबल आवाज करते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला दिवसाला पंधरा मिनिटं. १०३ झाला तर साडेसात. आपला माणूस दिवसाला चार तास कापतो, कानाला काही न लावता. वर तुम्ही तो आवाज वाढवून देताय. मशीन चालवणारा निदान हौसेने ऐकतो, शेजारी दोर धरून उभा असलेला मजूर तर फुकटात बहिरा होतो. माझ्या ओळखीचे एक काका आयुष्यभर वखारीत होते. आता नातवाशी बोलताना त्यांची सून मध्ये बसून प्रत्येक वाक्य ओरडून सांगते.

आता गणित मांडू

माझ्या व्हिडिओंची सवय असलेल्यांना माहीत आहे, वही-पेन घेतल्याशिवाय मी निर्णय घेत नाही. खालचे आकडे मी धरून चाललोय, तुम्ही तुमच्या गावचे दर टाका.

धरा, तुमच्या पाच-सहा गावांत १५ चेनसॉ आहेत. सायलेन्सरचे हजार रुपये. सगळ्यांनी करून घेतला तर १५,००० रुपये. छान. पण पुढच्या महिन्यात काय? तोच सायलेन्सर पुन्हा मोकळा करायचा नसतो. दोन महिन्यांत तुमचं मार्केट संपलं. पंधरापैकी फक्त दोन पिस्टन जाम झाले आणि माझ्यासारखे प्रत्येकी चार हजार तुमच्या अंगावर आले, तर हातात राहिले सात हजार, आणि दोन गिऱ्हाईकं गेली.

आता दुसऱ्या बाजूला त्याच १५ मशीनची चेन धरा. रोज कापणाऱ्याची चेन रोज बोथट होते. मातीला, दगडाला किंवा खिळ्याला लागली तर एका मिनिटात. प्रत्येकाची आठवड्याला फक्त एकच चेन तुमच्याकडे आली, तरी महिन्याला साठ. शंभर रुपये धार लावायचे, सहा हजार झाले. महिन्याला पाच मशीनचं सर्व्हिसिंग पाचशेने, म्हणजे अडीच हजार. एकूण साडेआठ हजार. पहिल्या महिन्याला हे सायलेन्सरच्या पैशांपुढे कमीच दिसेल, मी लपवत नाही. पण हे दर महिन्याला आहे, हंगाम असेपर्यंत. आणि यात तुमचं काम फसलं तर जास्तीत जास्त एक चेन जाईल. इंजिन जाणार नाही.

मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. 'ताकद कमी पडते' म्हणून येणाऱ्या मशीनला बहुतेक वेळा सायलेन्सरची गरजच नसते. बोथट चेन कापत नाही म्हणून माणूस मशीन दाबतो, दाबली की फेऱ्या पडतात, आणि त्याला वाटतं इंजिन कमजोर आहे. भुसा बघा. धारदार चेन लाकडाच्या कपच्या फेकते. बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. गिऱ्हाईक बोलण्याआधी त्याच्या पायजम्यावरचा भुसा बघितला तरी निदान होतं.

दुसरं निदान म्हणजे तीच जाळी. मशीन एका ओढीत सुरू होते, आयडलला सुरेख चालते, पण रेस दिली की गुदमरते. ऑइल जास्त घातलेलं असेल किंवा हलक्या प्रतीचं असेल तर जाळी काजळीने बंद होते. दोन स्क्रू काढा, जाळी बाहेर काढा, पितळी ब्रशने घासा, परत बसवा. फाटली असेल तर नवी टाका. तोपर्यंत एअर फिल्टर धुऊन घ्या. मशीन नव्यासारखी पळते. हे काम तुम्ही गिऱ्हाईकासमोर करा, त्याला काळी जाळी आणि साफ जाळी दोन्ही हातात द्या. जो माणूस सायलेन्सर फोडायला आला होता, तो दोनशे रुपयांत खूश होऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी चुलतभावाला घेऊन येतो. हे मी कित्येकदा अनुभवलंय.

धारेचं काम हलकं समजू नका. त्यातही शास्त्र आहे. छोट्या मशीनच्या थ्री-एट लो प्रोफाइल चेनला ४ मिलीमीटरची गोल कानस लागते, पॉइंट थ्री टू फाइव्हला ४.८ ची. एकच कानस सगळ्यांना चालवणारे मेस्त्री मी बघितलेत, म्हणून तर त्यांच्याकडची धार दोन तासांत उतरते. कोन साधारण तीस अंशांचा. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, नाहीतर कापताना मशीन एका बाजूला जाते. आणि दातापुढचा जो उंचवटा असतो, तो तीन-चार धारांनंतर गेज लावून चपट्या कानशीने उतरवायचा. हा उंचवटा लोक विसरतात. मग धार असूनही चेन लाकडावर नुसती घासते, आणि शिव्या इंजिनाला. उलट तो गरजेपेक्षा जास्त उतरवला तर चेन लाकडाला झटके देते आणि पट्टी उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. गेज न वापरता अंदाजाने हे काम करू नका.

पावसाळ्यासाठी अजून एक काम आहे. जूनमध्ये बरेच जण मशीन तशीच पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकतात. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. चार महिन्यांनी कार्बोरेटरचा पडदा कडक झालेला आणि आत चिकट थर. मेअखेरीला 'मशीन झोपवून द्या' अशी सर्व्हिस ठेवा. टाकी रिकामी, मशीन बंद पडेपर्यंत चालवायची, फिल्टर-जाळी साफ, चेन ऑइलमध्ये बुडवून ठेवायची. सगळ्यांनी एक मशीन मात्र तयार ठेवावी असंही सांगा, वादळ विचारून येत नाही.

"सर, मी नाही केलं तर शेजारचा करेल"

हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये मला ऐकायला मिळतं. करू दे. त्याच्याकडे मोकळी केलेली मशीन हंगामात कधीतरी बसेल, आणि ती दुरुस्तीला तुमच्याकडे येईल, कारण तिकडे परत जायची गिऱ्हाईकाला लाज वाटेल. तुमच्याकडे किटचे दर पाठ असू द्या.

पण गिऱ्हाईक हट्टालाच पेटलं तर काय बोलायचं? वाद घालू नका. 'हे येत नाही' असंही म्हणू नका, त्याने तुमची किंमत कमी होते. सरळ म्हणा, "दादा, आधी दोनशेत जाळी साफ करतो आणि शंभरात धार लावतो. मग समोरचं लाकूड कापून बघू. आधी किती वेळ लागला, नंतर किती, मोबाइलवर मोजा." एकाच जाडीचा ओंडका, आधी एक काप, नंतर एक काप. घड्याळाशी कोणी भांडत नाही. मी हे सुरू केल्यापासून दहात आठ लोक तिथेच थांबले. उरलेल्या दोघांना मी नम्रपणे नाही म्हणायचो आणि चहा पाजायचो. चहाचे पैसे मी मार्केटिंगच्या खर्चात धरतो.

आणि कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी पावतीवर लिहून ठेवा: मशीन कशी आली, सायलेन्सर आधीच फोडलेला आहे का, जाळी आहे का. दोन ओळी आणि मोबाइलवर एक फोटो. दुसऱ्याने केलेलं पाप आपल्या नावावर चढू नये म्हणून. आधीच मोकळी केलेली मशीन आली तर मी मूळ सायलेन्सर बसवायचा सल्ला देतो. नसेल ऐकायचं तर निदान जाळी बसवून, प्लगचा रंग बघून, मगच परत द्यायची. प्लग पांढरा असेल तर तसं लिहून सही घ्यायची.

स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या पैशाने शिकायचं असेल तर मी अडवणार नाही. भंगारात निघालेली एखादी मशीन घ्या, सायलेन्सर उघडा, आतला पडदा बघा, टॅकोमीटर लावून स्क्रू फिरवा, कोरडं आणि ओलं मिश्रण कानाला ओळखू येईपर्यंत करा. त्याचा उपयोग तुम्हाला कार्बोरेटर लावताना आयुष्यभर होईल. फक्त ती मशीन भाड्याने देऊ नका आणि बोर्डावर लिहू नका.

त्या मुलाला मी काल परत फोन केला. त्याने बोर्ड रंगवायला टाकलाच होता, 'चेनसॉ पॉवर वाढवून मिळेल' असा. मी म्हटलं, बोर्ड फेकू नको, शब्द तेवढे बदल: 'चेनसॉ धार आणि सर्व्हिस, थांबून घेऊन जा.' तो म्हणाला, पेंटर शब्दाचे वेगळे पैसे घेतो. घेऊ दे म्हटलं. गोल कानशी आणि गेज त्याच्याकडे नव्हतं, ते चिपळूणला बघतो म्हणाला.

पुढच्या रविवारी याच धारेवर व्हिडिओ करतोय. बोथट झालेली एक चेन कॅमेऱ्यासमोर सुरुवातीपासून लावून दाखवणार आहे, त्यातला उंचवटाही उतरवून. तुमची स्वतःची चेन समोर घेऊन बसा. भेटू रविवारी सकाळी.